उजव्या बाजूची कटोरी

माझ्या दुकानात कोणी कारागीर काम मागायला आला, तर मी त्याला एकच प्रश्न विचारायचो. सायकलची उजव्या बाजूची कटोरी कोणत्या दिशेला सुटते? उत्तर बरोबर आलं तर चहा, चुकलं तर रामराम. पंचवीस वर्षांत या एका प्रश्नानं मी माणसं पारखली. आणि याच प्रश्नानं एकदा माझं नाक कापलं, त्याचीच ही हकिगत.

ज्यांनी आयुष्यात पाना हातात धरला नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. सायकलच्या दोन पायडलच्या मधे, फ्रेमच्या अगदी तळाशी, एक आडवी नळी असते. तिच्यातून एक्सल जातो. नळीच्या दोन्ही तोंडांना आतून आटे पाडलेले असतात आणि तिथे पोलादाची एकेक कटोरी फिरवून बसवतात. कटोरीत छर्रे, म्हणजे पोलादी गोळ्या, छर्‍यांवर एक्सल. तुम्ही पायडल मारता तेव्हा सगळा भार या दोन कटोऱ्यांवर येतो. डाव्या कटोरीचे आटे सरळ, म्हणजे बाटलीचं झाकण जसं उघडतं तशी ती उघडते. उजवीचे उलटे. झाकण जसं बंद करतो तसा पाना फिरवला की ती सुटते. चालवताना ती आपोआप ढिली होऊ नये म्हणून केलेली ही युक्ती. नवखा माणूस इथंच फसतो. सोडवायला जातो आणि घट्ट करून बसतो.

मी अमळनेरकडचा. नाव सुपडू. सिल्वासाजवळ मसाटला कारखान्यांची रांग नुकती लागायला लागली होती तेव्हा चुलतभावाच्या मागोमाग सिल्वासाला आलो. कारखान्यात सव्वा महिना काढला. आठ तास छपराखाली एकच बटण दाबणं माझ्या स्वभावात नव्हतं. मग मसाटच्या रस्त्यावर एका चिंचेखाली हत्यारांची पेटी आणि हवेचा पंप घेऊन बसलो. चिंचेची टपरी झाली, टपरीचं दुकान झालं, पण चिंच शेवटपर्यंत दारात राहिली.

शिफ्ट सुटली की रस्त्यावर नुसत्या सायकली. धुळे, नंदुरबार, जळगाव, सगळं खान्देश दोन चाकांवर निघालेलं असायचं. हँडलला डबा, मागे एक गावकरी, पुढच्या दांडीवर दुसरा. मी सायकल बघून माणूस ओळखायचो. चेन कोरडी खडखडीत असली की समजायचं, एकटा राहतो, घरी वाट बघणारं कोणी नाही. एक शिरपूरकडचा फिटर होता. त्याच्या मागच्या रिंगेला दर पंधरा दिवसांनी आऊट यायचा. म्हणजे चाक फिरताना लचकायचं. मी तारा ओढून ओढून थकलो. शेवटी विचारलं, "काय रे भो, मागे काय बांधतोस?" तर म्हणाला, "काही नाही, फक्त मेहुणा बसतो." एकदा तो मेहुणा प्रत्यक्ष पाहिला आणि मला फिटरची नाही, रिंगेची कीव आली.

या सगळ्या सायकली लुधियानाच्या मापाच्या. कोणत्याही कंपनीची कटोरी दुसऱ्या कोणत्याही कंपनीच्या फ्रेमला निमूट बसते, कारण सगळ्यांनी माप एकच उचललं, जुनं इंग्लिश. त्यामुळे आपल्याकडच्या सायकलवाल्याला माप घ्यायची सवयच नसते. खोक्यात हात घालायचा, पार्ट काढायचा, बसवायचा. मी तर डोळे मिटून बसवायचो आणि लोकांना ते दाखवायचोही. इतकी शेखी बरी नव्हती, पण तेव्हा हे कोण सांगणार?

नव्वद-एक्याण्णवचा सुमार असेल. उन्हाळा होता. एका टेम्पोतून नर्सबाई उतरल्या. आमच्या भागात नर्सबाई म्हटलं की एकच. दापोलीकडच्या. पोर्तुगीज गेल्यानंतर काही वर्षांनी सरकारी नोकरीत इथे आल्या, त्या खानवेलच्या बाजूला पाड्यापाड्यांतून बाळंतपणं करत राहिल्या. पांढरी साडी, मनगटावर घड्याळ, आवाज असा की डॉक्टरसुद्धा खुर्चीत सरळ बसत. टेम्पोवाल्यानं मागून एक सायकल उतरवली.

ती सायकल मी विसरणं शक्य नाही. बायकांची, वाकलेल्या दांडीची. पुढच्या नळीवर पितळी बिल्ला, त्यावरची अक्षरं झिजून सपाट झालेली. मूळ रंग बहुधा हिरवा, आता सगळीकडे गंज. टायरच्या जागी चिंध्या. सीटच्या चामड्यात उंदरांनी संसार मांडलेला.

"पोर्तुगीज डॉक्टरची होती," बाई म्हणाल्या. "तो गेला, सायकल दवाखान्यात राहिली. मी आले तेव्हा ती माझ्या नावावर दिली. मला येत नव्हती चालवता. इथेच पडत-झडत शिकले. पंधरा-सोळा वर्षं चालवली, मग जीप आली आणि ही शेडमधे गेली."

"आता काय करायचंय बाई? शोभेला ठेवायची?"

"शोभेला?" बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी पाना खाली ठेवला. "पुढच्या महिन्याच्या अखेरीला मी रिटायर होते. चार्ज द्यायचाय. माझ्या नावावर एक स्टेथोस्कोप, दोन स्टीलचे ट्रे, एक वजनकाटा आणि ही सायकल आहे. बाकी सगळं चालू आहे. मला ही चालू मिळाली होती, सुपडू. मी चालूच परत करणार. ऑफिसपर्यंत चालवत नेणार आणि सही घेणार."

"अहो बाई, तिथे नेल्यावर ते भंगारात टाकतील."

"ते त्यांचं काम. माझं माझं."

मला हे एकदम पटलं. असं गिऱ्हाईक रोज येत नाही. मी छाती पुढे काढून म्हणालो, "बाई, सिल्वासापासून खानवेलपर्यंत अशी सायकल नाही जी सुपडूच्या हातून फिरली नाही. तुम्ही निर्धास्त जा." टेम्पोवाल्यासमोर म्हणालो, म्हणजे दोन दिवसांत गावभर झालं.

सुरुवात तर अशी झाली की मला पंखच फुटले. रिंगेला आपला अठ्ठावीस इंची टायर लावून बघितला, बसला. चेन लावली, दात न् दात जुळला. पुढच्या चाकाचा हब, म्हणजे तारा जिथे येऊन मिळतात तो मधला भाग, मात्र गेलेला होता, आतून खड्डे पडलेले. आपला हब तिथे बसेना, कारण त्याची तारांची भोकं मोजली तर रिंगेपेक्षा कमी भरली. मी बाईंना निरोप धाडला. बाईंचा उलट निरोप आला: डॉक्टरकडे असल्या दोन सायकली होत्या, दुसरीची मोडतोड झाल्यावर लोकांनी तुकडे नेले. खानवेलला अमुक घरी विहिरीवर बघ.

गेलो. विहिरीच्या आडव्या लाकडाला खरंच एक सायकलचा हब लटकलेला! दोर ओढायला कप्पी म्हणून. इतकी वर्षं त्या घरानं त्यावरून पाणी ओढलं होतं, आणि रोज तेल घालून ठेवल्यामुळे तो नव्यासारखा फिरत होता. मी घरधन्याला म्हटलं, तुम्हाला बाजारातली चांगली कप्पी आणून देतो, हा मला द्या. तो तयार होईना. शेवटी म्हटलं, नर्सबाईंच्या सायकलीला पाहिजे. आतून त्याची आई बाहेर आली आणि म्हणाली, "बाईची सायकल? मग काढ." त्या घरातली चार मुलं बाईंच्या हातावर जन्मली होती. मी कप्पी बांधून दिली, हब घेऊन आलो. त्या दिवशी मी स्वतःवर फार खूश होतो. मिळताजुळता पार्ट शोधणं म्हणजे काय, ते मला सगळं कळलंय असं वाटलं.

टायर बसला, चेन बसली, म्हणूनच माणूस फसला. उरलं होतं तळातलं काम. एक्सल जाम झाला होता, पायडल हलत नव्हतं. डावी कटोरी थोड्या रॉकेलनं सुटली. उजवी जागची हलेना. मी पाना लावला आणि माझ्या सवयीनं, झाकण बंद करतो त्या दिशेला जोर दिला. गंज आहे, म्हटलं. रॉकेल घातलं, एक दिवस थांबलो. पुन्हा जोर. मग पान्याच्या दांड्याला लांब पाइप चढवला आणि दोन कारागीर लटकले. मग स्टोव्ह पेटवून तापवली. मग हातोडी घेतली. कडक पोलाद ते, वाकत नाही. तडकतं. कट्ट असा आवाज आला आणि कटोरीची कड तुटून माझ्या पायाशी पडली.

उरलेला भाग काढायला छिन्नी लावली. छिन्नीचा एक घाव चुकून उलट्या बाजूनं बसला, आणि कटोरी लोण्यासारखी फिरली. बाटलीचं झाकण उघडतं तशी. मी तिला दोन दिवस सोडवत नव्हतो, आवळत होतो. त्या सायकलीला दोन्ही बाजूंचे आटे सरळ होते. ती इंग्लिश मापाची नव्हतीच. ज्या प्रश्नावर मी लोकांना रामराम केला, त्या प्रश्नाला दुसरंही उत्तर असतं, हे मला माहीतच नव्हतं.

खोक्यातली उजवी कटोरी लागणं शक्यच नव्हतं, तिचे आटे उलटे. डावी लावून बघितली. दोन आटे गेली, तिसऱ्याला अडकली. माप अगदी थोडं वेगळं, पण वेगळं. इथंच घोडं पेंड खायला लागलं.

आणि मग मी जे केलं ते सांगायला आजही जड जातं. मी बाईंना सांगितलं नाही. नळीच्या तोंडात चिंधी कोंबली, सायकल मागच्या भिंतीला लावली. बाईंचा निरोप आला, "कुठवर आलं?" मी म्हटलं, "मुंबईहून एक पार्ट येतोय." पुन्हा निरोप, पुन्हा तेच. मुंबईला मी माणूसही पाठवला नव्हता. वापीच्या भंगारवाल्यांकडे फेऱ्या मारत होतो, कटोऱ्यांचे ढीग उपसत होतो आणि दर ढिगाखाली पुन्हा लुधियानाच निघत होती. बाईंना काय सांगायचं हे ठरत नव्हतं, म्हणून काहीच सांगत नव्हतो. दुकानात मात्र जोरात बोलायचो.

बाराव्या दिवशी बाई स्वतः आल्या. एसटीनं, एकट्या.

"मुंबईचा पार्ट आला?"

"येतोच आहे, बाई."

"सायकल इकडे घे."

मी आणली. बाईंनी चष्मा लावला. चाकं फिरवून बघितली, हबवर बोट फिरवलं, मान हलवली. मग खाली वाकल्या आणि नळीत कोंबलेली चिंधी दोन बोटांनी धरून बाहेर ओढली. रिकाम्या नळीतून पलीकडचा रस्ता दिसत होता. दुकानात तीन गिऱ्हाइकं होती, सगळी बघत होती.

बाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"सुपडू, माझ्या हातावर मुलं गेली आहेत," त्या म्हणाल्या. "बायाही गेल्या आहेत. काही माझ्या चुकीनंही असतील. दर वेळी मी आधी बाहेर जाऊन घरच्यांना सांगितलं, मग हात धुतले. आणि तू एका लोखंडाच्या तुकड्यासाठी बारा दिवस खोटं बोललास?"

मला त्या क्षणी जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. मी पेटीतून तुटलेली कड आणि कटोरी काढून त्यांच्या हातावर ठेवली आणि सगळं सांगितलं. उलट्या जोराचं, पाइपचं, दोन कारागीर लटकल्याचं. एवढं सांगितलं तेव्हा त्या हसल्या की काय, असा मला भास झाला.

"ही सायकल बिघडली की डॉक्टर दमणला पाठवायचा," त्या तुकड्याकडे बघत म्हणाल्या. "माझ्या आधीच्या दाईनं मला सांगितलं होतं. तिकडे असल्या सायकली पुष्कळ होत्या. तू पहिल्या दिवशी सांगितलं असतंस तर मीही तुला पहिल्याच दिवशी हे सांगितलं असतं."

बारा दिवस! आणि चार्ज द्यायला उरले होते जेमतेम पंधरा.

दुसऱ्या दिवशी सकाळीच दमण गाठलं. विचारत विचारत एका म्हाताऱ्या ख्रिस्ती कारागिराकडे पोचलो, आंतोनकाका. दुकान बंद केलेलं, घराच्या ओट्यावर जाळं विणत बसले होते. मी तुकडा पुढे केला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, आट्यांवरून नख फिरवलं आणि तोंडभर हसले.

"आ तो बेउ बाजू सीधाज आंटा छे, भाई," म्हणाले. दोन्ही बाजूंचे आटे सरळच, असं ते गुजरातीत सांगत होते. मग माझा चेहरा बघून हिंदीवर आले. "इंग्लिश समझ के खोला ना?"

"हां, काका."

"सब खोलते हैं. मैंने भी एक तोड़ा था, पहला साल में. मालिक ने महिनाभर बात नहीं किया."

हे ऐकून माझ्या छातीवरचं ओझं निम्मं उतरलं. त्यांनी आतून एक डबा आणला. उजवी कटोरी एकच उरली होती, तीही आतून छर्‍यांनी खाल्लेली, लावण्याच्या कामाची नाही. पण आकार शाबूत. "ये नमूना ले जा," म्हणाले. "एक मिलिमीटर का आंटा है. अच्छा खरादी देख." खरादी म्हणजे लेथवर काम करणारा. मी त्यांच्या पाया पडलो. त्यांना ते विचित्र वाटलं असावं.

आता खरादी कुठे शोधायचा? माझ्या दारावरून रोज दोनदा जात होता की! पारोळ्याचा भास्करदादा, मसाटच्या एका कारखान्यात लेथवर. त्याच्या सायकलीचं ग्रीसिंग मी करायचो, आणि इतक्या वर्षांत तो आत काय करतो हे कधी विचारलं नव्हतं. शिफ्ट सुटल्यावर त्याला अडवला. आम्ही आपसात आमच्या अहिराणीतच बोलायचो.

"मन्हाकडथीन चूक व्हई गई, दादा," मी म्हटलं, वापीच्या फेऱ्यांसकट सगळं सांगितलं आणि नमुना दिला.

त्यानं तो तळहातावर उलटसुलट केला. "एक मिलिमीटरना आटा? हाई ते मन्हं रोजनं काम शे. तू इतला दिन वापीमा काय करी राहिंथा?"

वापीत काय करत होतो? ढीग उपसत होतो. मी आयुष्यभर खोक्यात हात घालून पार्ट काढले होते. पार्ट कोणीतरी बनवलेला असतो, तो माणूस आपल्याच मुलखाचा असू शकतो, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

भास्करदादानं सुपरवायझरची परवानगी काढली. जेवणाच्या सुट्टीत, जुन्या शाफ्टच्या तुकड्यातून त्यानं कटोरी कातली. मी बाजूला उभा. डबा त्याचा तसाच बंद. लेथवर पोलादाची साल निघत होती आणि आत हळूहळू छर्‍यांची वाट तयार होत होती. नंतर ती लालभडक तापवून तेलात बुडवायची, म्हणजे कडक होते. पहिलीला बुडवताना केसाएवढी चीर गेली. भास्करदादा दुसऱ्या दिवशी पुन्हा सुट्टीत लेथवर उभा राहिला. दुसरी टिकली. ती मी फ्रेमला लावली आणि फक्त दोन बोटांनी फिरवली. शेवटच्या आट्यापर्यंत गेली, कुठे अडली नाही. मी आयुष्यात शेकडो सायकली जोडल्या, पण त्या दोन बोटांचं सुख पुन्हा मिळालं नाही.

ही दुसरी कटोरी तापवून कडक करण्याआधी, पोलाद मऊ असतानाच, मी एक काम केलं होतं. कटोरीच्या बाहेरच्या कडेवर छिन्नीनं एक बाण कोरला होता. सोडवायची दिशा. ही जागा चेनव्हीलच्या आड येते. चालवणाऱ्याला ती कधी दिसत नाही. जो पाना लावायला वाकेल त्यालाच दिसेल.

बाई सायकल घ्यायला आल्या तेव्हा मी त्यांना वाकायला लावून तो बाण दाखवला.

"हे कशाला?"

"पुढच्यासाठी."

बाईंनी चष्मा काढून पुसला. "नोंद केलीस. बरं केलंस."

चार्ज द्यायच्या दिवशी बाई माझ्या दुकानापासून निघाल्या. सायकल हिरवीगार रंगवलेली, सीटला मोच्याकडून नवं चामडं, बिल्ला चिंचेनं घासून लखलखीत. बाईंनी पदर खोचला, डावा पाय पायडलवर, दोनदा टेकू घेतला आणि बसल्या. मी आणि भास्करदादा मागून आमच्या सायकलींवर. पहिल्या वळणावर माझा जीव वरखाली झाला, पण त्या अशा गेल्या की जणू मधली जीपची वर्षं नव्हतीच. बाजारात भाजी विकायला आलेल्या खानवेलच्या दोन-तीन बाया उठून उभ्या राहिल्या. त्यांच्या पाड्यात या सायकलीची घंटी वाजत आली म्हणजे बाळंतिणीची सुटका जवळ आली, असं पूर्वी असायचं.

ऑफिसात कारकुनानं रजिस्टर काढलं. स्टेथोस्कोपवर टिक, ट्रेवर टिक, वजनकाट्यावर टिक. मग त्यानं मागची पानं चाळली, पुन्हा चाळली.

"बाई, ही सायकल तर कधीच बाद झालीय. जीप आली त्याच वर्षी निकामी असा शेरा आहे."

"ती दारात उभी आहे. चालवत आणलीय."

"असेल. पण जी वस्तू नाहीच, ती मी जमा कशी करून घेऊ?"

"मग इतकी वर्षं मी कोणाची सायकल सांभाळली?"

कारकून बिचारा भला माणूस. त्यानं बाहेर सायकलीकडे बघितलं, बाईंकडे बघितलं आणि म्हणाला, "तुमचीच म्हणायची."

बाईंनी रजिस्टर स्वतःकडे वळवून तो शेरा वाचला. त्यांना सही पाहिजे होती. सायकल नको होती. मग बाहेर आल्या आणि सीटवर हात ठेवून मला म्हणाल्या, "चल, आता दापोलीला न्यावी लागेल." त्यांचे डोळे भरले होते. माझेही. भास्करदादा रस्त्याकडे बघत होता.

बाई दापोलीला गेल्या. पुढे मोटारसायकली आल्या, शिफ्टच्या बसगाड्या आल्या, रस्त्यावरचं खान्देश पांगलं. मी दुकान मिटवून सिल्वासाच्या डोकमर्डी वस्तीत घरी बसलो. दुकानाचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण काय काय जोडलं याचा हिशेब मनात चालतो तेव्हा पहिली ती हिरवी सायकलच येते. आणि हो, त्या प्रसंगानंतर कारागिरांना विचारायचा माझा प्रश्न तोच राहिला, पण उत्तर बदललं. "आधी बघतो, मग सांगतो" असं जो म्हणेल त्याला चहा.

बाई दापोलीला गेल्यावर सहा-सात वर्षांनी, दुकान अजून चालू असताना, त्यांचं पोस्टकार्ड आलं होतं. ते अजून माझ्या पेटीत आहे.

"सुपडूस आशीर्वाद. माझे गुडघे आता सायकल मानत नाहीत. भाचीची मुलगी ती शाळेत नेते. परवा आतून खरखर येऊ लागली म्हणून बाजारातल्या सायकलवाल्याकडे दिली. त्यानं पाना लावला आणि तुझा बाण बघून थांबला. पाना उलटा धरला होता, सरळ केला. कटोरी लगेच सुटली. नुसते छर्रे बदलले, कटोरी तीच परत घातली, अजून चांगली आहे म्हणाला. मग मला म्हणतो, बाई, हा बाण ज्यानं कोरला त्याच्या हातून एक कटोरी नक्की मोडली असणार. मी म्हटलं, हो, मोडली होती. पण त्यानं मला येऊन सांगितलं."

मी ते कार्ड वाचलं आणि हत्यारांच्या पेटीवर बसकण मारली. कारण मी सांगितलं नव्हतं. चिंधी बाईंनी स्वतःच्या बोटांनी उपसली होती, तीन गिऱ्हाइकांसमोर. आयुष्यभर खरं बोललेल्या त्या बाई एकदाच खोटं बोलल्या, तेही माझ्यासाठी, एका परक्या सायकलवाल्यापुढे.

बाई आता नाहीत. तेव्हा नाही सांगितलं, ते आज इथे, कोणी न विचारता, सांगितलं.